दादासाहेब मावळंकर : सभागृहाची शिस्त आणि जनतेच्या पैशाचा हिशेब

काही वर्षांपूर्वी एका जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाच्या सभेला आम्ही परवानगी काढून बसलो होतो. पहिल्यांदाच निवडून आलेली आमची एक भगिनी उठली. मागासवर्गीयांसाठी राखून ठेवलेल्या वीस टक्के सेस निधीतून मागच्या वर्षी कोणत्या वस्तीला काय मिळाले, एवढेच तिला विचारायचे होते. दोन वाक्ये होतात न होतात तोच समोरच्या बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला. पीठासनावरून घंटा वाजली आणि शांतता राखा असे बजावण्यात आले. बजावले कोणाला, तर ओरडणाऱ्यांना नव्हे, प्रश्न विचारणारीला! पुढच्या पाच मिनिटांत सगळे अंदाजपत्रक मंजूर, मंजूर म्हणत संपले. बाहेर आल्यावर एक पदाधिकारी आम्हाला अभिमानाने सांगत होते की आमची सभा कशी शिस्तीत होते ते वकीलसाहेबांनी पाहिले ना!

वाचकहो, शिस्त हा शब्द असा वापरला जातो तेव्हा आम्हाला एका माणसाची आठवण होते. हा माणूस आपल्या चळवळीतला नव्हता. तो काँग्रेसचा होता, गांधीजींचा अनुयायी होता, ब्राह्मण घरात जन्मलेला होता. त्याला लोक दादासाहेब म्हणत. आपल्याकडे दादासाहेब म्हटले की कर्मवीर दादासाहेब गायकवाडच डोळ्यांसमोर येतात आणि ते योग्यच आहे. परंतु १९३७ साली मुंबई विधानसभेत हे दोन्ही दादासाहेब एकाच छताखाली होते. गायकवाड बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाकावर, तर गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्षांच्या आसनावर. पुढे हेच मावळंकर स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. सरकारी खर्चावर रणे माजली तेव्हा सभागृह कसे सांभाळायचे, याची घडी या देशात ज्यांनी बसवली त्यांत त्यांचे नाव पहिले घ्यावे लागते. त्यांच्या गुणांसह आणि दोषांसह हे चरित्र आपण समजून घेतले पाहिजे, कारण त्या घडीचा फायदा घेण्याची सर्वांत जास्त गरज आपल्याच समाजाला आहे.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावचे, त्यावरूनच आडनाव पडले. ज्या कोकणातल्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी रणशिंग फुंकले, त्याच मुलखातले हे घराणे. गणेश वासुदेवांचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. सुरुवातीचे काही शिक्षण राजापुरात झाले. १९०२ मध्ये ते अहमदाबादेला आले आणि तिथलेच झाले. १९०८ मध्ये गुजरात कॉलेजातून पदवी, १९१२ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी विद्यालयातून कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात, आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली, असा त्यांचा क्रम आहे. मराठी माणूस गुजरातीत व्यवहार करू लागला, गुजराती सार्वजनिक जीवनाचा भाग झाला. गुजरात सभेचे ते चिटणीस होते. खेडा जिल्ह्यातील शेतसाऱ्याच्या लढ्यात ते होते. सारा म्हणजे सरकारी महसूल. सरकार रयतेकडून पैसा कोणत्या हक्काने घेते हा प्रश्न त्यांना तरुणपणीच भेटला.

१९१९ मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून गेले आणि पुढे दोन वेळा तिचे अध्यक्ष झाले. नगरपालिका ही पैशाच्या हिशेबाची खरी शाळा असते, असे आम्ही अनुभवाने सांगतो. दिवाबत्ती, गटार, पाणी, सफाई यांतल्या प्रत्येक कामामागे एक ठेका असतो आणि प्रत्येक ठेक्यामागे एक प्रश्न असतो. देशाच्या अंदाजपत्रकापर्यंत पोहोचण्याआधी मावळंकरांनी शहराचे अंदाजपत्रक हाताळले होते.

स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. तुरुंगात असताना त्यांनी अट्टल गुन्हेगार समजल्या जाणाऱ्या कैद्यांशी बोलून त्यांच्या जीवनकथा समजून घेतल्या आणि त्यावर गुजरातीत ‘मानवताना झरणां’ हे पुस्तक लिहिले. समाजाने ज्याला बोलण्याचा हक्क नाकारला आहे त्याचेही ऐकून घ्यावे, ही वृत्ती त्यातून दिसते. अध्यक्षाच्या खुर्चीला याच वृत्तीची सर्वांत जास्त गरज असते.

आता १९३७ सालाकडे वळू. १९३५ च्या कायद्याखाली निवडणुका झाल्या आणि १७५ सभासदांच्या मुंबई विधानसभेत काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. जुलैमध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि मावळंकर अध्यक्ष म्हणून निवडले गेले. समोर बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता. स्थापन होऊन वर्षही न झालेला हा पक्ष पंधराच्या आसपास सभासद घेऊन आला होता. एका बाजूला सत्तेचा पहिला उत्साह, दुसऱ्या बाजूला मूठभर सभासद आणि त्यांच्या अग्रभागी एक अर्थशास्त्रज्ञ! हे विसरून चालणार नाही की बाबासाहेबांचे पहिले शास्त्र सरकारी पैशाचेच होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा १९२५ चा. प्रांताच्या तिजोरीत पैसा कुठून येतो व कुठे जातो यावर पदवी मिळवलेला माणूस विरोधी बाकावर बसला होता.

पहिली ठिणगी मंत्र्यांच्या पगारावरून पडली. काँग्रेसने मंत्र्यांना महिना पाचशे रुपये पगार ठरवला आणि त्यागाचा मोठा गाजावाजा केला. ऑगस्ट १९३७ मध्ये विधेयक सभागृहापुढे आले. टाळ्यांच्या त्या वातावरणात विरोधात बोलणे म्हणजे स्वार्थी ठरणे होते. बाबासाहेब बोलले. पगार किती असावा हे केवळ त्यागाच्या मापाने ठरवता येत नाही, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता ही मापेही लावावी लागतात, असा त्यांचा मुद्दा होता. साध्या भाषेत सांगायचे तर मंत्रिपद केवळ घरच्या श्रीमंतांनाच परवडेल अशी व्यवस्था झाली, तर ज्याच्या घरी काही नाही अशा माणसाने मंत्री व्हायचे कसे? बहुमताला न रुचणारा हा युक्तिवाद होता. तो पूर्ण मांडला गेला, नोंदला गेला आणि आज बाबासाहेबांच्या भाषणांच्या खंडात आपण तो वाचू शकतो.

दुसरा संघर्ष अंदाजपत्रकांचा. खेर मंत्रिमंडळाचे अर्थमंत्री होते अण्णासाहेब लठ्ठे. हे नाव आपल्याला परके नाही. ब्राह्मणेतर चळवळीतले कार्यकर्ते आणि राजर्षी शाहू महाराजांचे चरित्रकार ते हेच. १९३९ मध्ये सरकारने मुंबई शहरात दारूबंदी आणायचे ठरवले. अबकारीचे उत्पन्न बुडणार होते. ती तूट भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवण्यात आला. बाबासाहेबांनी विचारले की गरिबांच्या मुलांचे शिक्षण आधी की दारूबंदी आधी? तिजोरी मर्यादित असते तेव्हा कोणत्या गोष्टीला पहिला मान द्यायचा हाच खरा प्रश्न असतो. गांधीजींच्या आवडत्या कार्यक्रमावर हा थेट वार होता. सत्ताधारी बाकांना तो झोंबला नसता तरच नवल.

अशा वेळी अध्यक्ष काय करतो? बाहेरच्या माणसाला वाटते की अध्यक्षाचे काम म्हणजे घंटा वाजवणे. कायद्याचा विद्यार्थी म्हणून आम्ही सांगतो की घंटा हा त्यातला सर्वांत लहान भाग आहे. अध्यक्ष वेळ वाटून देतो. कोण आधी बोलणार, कोण नंतर, हे ठरवतो. भाषण विषयाला धरून आहे की नाही हे पाहतो. मध्येच अडवणाऱ्याला खाली बसवतो. आणि कपात सूचना मांडू देतो. ही कपात सूचना आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असली पाहिजे. एखाद्या खात्याची मागणी कोट्यवधी रुपयांची असते. एक साधा सभासद उठून म्हणू शकतो की या मागणीतून शंभर रुपये कमी करा. त्या शंभर रुपयांनी तिजोरीला काही फरक पडत नाही, पण त्या निमित्ताने त्या खात्याविरुद्धची तक्रार सभागृहात बोलता येते आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. धोरणच नापसंत असेल तर सगळी मागणी एक रुपयावर आणा असेही सुचवता येते. राजाच्या तिजोरीला प्रजेने लावलेला हा लगाम आहे. पण तो लगाम हातात येतो तो अध्यक्षाने बोलायला उभे केले तरच.

मावळंकर या खुर्चीवर बसून सभासदांना नियम समजावून सांगत. का नाही ते सांगत आणि कोणत्या वाटेने येता येईल तेही सांगत. वकिलाला हे पटकन कळते. चांगला न्यायाधीश अर्ज फेटाळतानाही कोणत्या कलमाखाली यायला हवे होते ते दाखवून देतो. वाईट न्यायाधीश नुसताच फेटाळतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि मुंबई विधानसभेचे कामकाज थांबले. त्या दोन-सव्वादोन वर्षांत आपल्या मूठभर प्रतिनिधींनी जे काम केले ते आजही अभ्यासण्यासारखे आहे. १७ सप्टेंबर १९३७ चे खोती निर्मूलनाचे विधेयक, १९३८ मधील औद्योगिक कलह विधेयकाला केलेला कडाडून विरोध, आणि प्रत्येक अंदाजपत्रकाची चिरफाड. बहुमताने त्यांना हरवले, परंतु गप्प केले नाही. हरणे आणि गप्प केले जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

२४ जानेवारी १९४६ रोजी मावळंकर दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. समोर सर कावसजी जहांगीर होते. ६६ विरुद्ध ६३ अशा केवळ तीन मतांनी मावळंकर निवडून आले. तीन मतांच्या आधारावर बसलेल्या अध्यक्षाला १९४७ चे सर्वांत तापलेले अंदाजपत्रक सांभाळावे लागले. अंतरिम सरकारचे अर्थमंत्री मुस्लिम लीगचे लियाकत अली खान होते. २८ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी मिठावरचा कर रद्द केला आणि एक लाखाच्या वरच्या व्यापारी नफ्यावर पंचवीस टक्के कर सुचवला. गरिबांचे अंदाजपत्रक म्हणून काहींनी त्याचे स्वागत केले, तर काँग्रेसला पैसा पुरवणाऱ्या उद्योगपतींना संपवण्याचा हा डाव आहे असे दुसऱ्यांनी म्हटले. एकाच सरकारातले दोन पक्ष एकमेकांच्या उरावर बसले होते आणि देश फाळणीच्या उंबरठ्यावर होता. त्या सभागृहात रुपयावरचा वाद हा केवळ रुपयावरचा उरला नव्हता. तरीही त्यावर रीतसर चर्चा झाली, कराचा दर खाली आणण्याची तडजोड झाली आणि अंदाजपत्रक मंजूर झाले.

स्वातंत्र्यानंतर घटना समितीची दोन कामे वेगळी करण्यात आली. घटना बनवण्याच्या कामावर राजेंद्रप्रसाद अध्यक्ष होते. रोजचे कायदे करण्याच्या कामासाठी १७ नोव्हेंबर १९४७ पासून मावळंकर अध्यक्ष झाले. म्हणजे बाबासाहेब एकीकडे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून घटना लिहीत होते आणि दुसरीकडे कायदामंत्री म्हणून मावळंकरांच्या सभागृहात बसत होते.

घटनेत सरकारी पैशावर बसवलेला पहारा पाहा. वार्षिक वित्तीय विवरणपत्र कलम ११२ मध्ये, मागण्या कलम ११३ मध्ये, विनियोजन कायदा कलम ११४ मध्ये, लेखानुदान कलम ११६ मध्ये. संसदेच्या मंजुरीवाचून एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. त्यावर कलम १४८ चा महालेखापरीक्षक. या अधिकाऱ्याला बाबासाहेब घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी मानत. घटनेने पहारा बसवला, पण पहारेकऱ्याला डोळे लागतात. ते डोळे बनवण्याचे काम मावळंकरांनी केले.

ब्रिटिश काळात लोकलेखा समितीच्या अध्यक्षपदी खुद्द अर्थखात्याचा प्रमुखच बसत असे. चोरानेच पंचनामा करावा असा तो प्रकार! १९५० पासून ही समिती खऱ्या अर्थाने संसदेची झाली. तिच्यावर अध्यक्षांचे नियंत्रण आले आणि मंत्र्याला तिच्यात जागा उरली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंदाज समिती स्थापन झाली. एक समिती खर्च झाल्यावर हिशेब मागणारी, दुसरी खर्चाच्या अंदाजांची छाननी करून काटकसर सुचवणारी. लंडनच्या दूतावासामार्फत झालेल्या जीप खरेदीचे प्रकरण स्वतंत्र भारतात गाजले तेव्हा त्यावर कडक ताशेरे मारले ते लोकलेखा समितीनेच. सत्ताधारी पक्षाचेच बहुमत असलेल्या समितीने आपल्याच सरकारला जाब विचारावा, ही सवय मावळंकरांच्या काळात रुजली. कामकाज सल्लागार समिती १९५२ ची, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती १९५३ ची, लक्षवेधी सूचना १९५४ ची. आज आपले आमदार-खासदार जी हत्यारे वापरतात, किंवा वापरायला विसरतात, ती बहुतेक त्या चार-पाच वर्षांत घडवली गेली.

पैशाच्या प्रश्नावर ते पंतप्रधानांनाही आडवे जात. १९५३ मध्ये दोन सभागृहांमध्ये मोठा खटका उडाला. प्राप्तिकर दुरुस्ती विधेयक धनविधेयक आहे असे प्रमाणपत्र अध्यक्षांनी दिले होते. घटनेच्या कलम ११० प्रमाणे अध्यक्षांचा हा निर्णय अंतिम असतो. त्यावर राज्यसभेत शंका काढली गेली, कायदामंत्री बिस्वास यांच्या वक्तव्यावरून लोकसभा खवळली आणि शेवटी नेहरूंना मध्ये पडून प्रकरण शांत करावे लागले. त्याच वर्षी लोकलेखा समितीत राज्यसभेचे सात सभासद घेण्याचा प्रस्ताव नेहरूंनी आणला. तिजोरीवरचे नियंत्रण लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहाचेच असले पाहिजे म्हणून मावळंकर त्याला अनुकूल नव्हते. प्रस्ताव मंजूर झाला, परंतु समिती लोकसभेच्या अध्यक्षांच्या नियंत्रणाखालीच राहिली. सभागृह चालू नसताना वटहुकूम काढून कारभार करण्याच्या सवयीबद्दलही ते नेहरूंना पत्रे लिहून हटकत असत. सत्ताधारी पक्षाचा माणूस असून सत्तेला हटकणारा अध्यक्ष आपण अलीकडे कधी पाहिला, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

परंतु आम्ही आरती ओवाळायला बसलेलो नाही. मावळंकरांची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. अध्यक्ष झाल्यावर पक्षाचा पूर्ण त्याग करण्याची इंग्लंडची प्रथा त्यांनी स्वीकारली नाही. ते काँग्रेसमध्येच राहिले. भारताची परिस्थिती वेगळी आहे असे त्यांचे म्हणणे होते. विरोधकांना हे मान्य नव्हते आणि आम्हालाही ते पटत नाही. १५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली तेव्हा विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांना उभे केले. मोरे सोलापूरचे खासदार होते. त्याच दुहेरी मतदारसंघातून आपल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज राखीव जागेवर निवडून गेले होते. मावळंकरांना ३९४ मते पडली, मोरेंना ५५. त्या पंचावन्न मतांमागे जो प्रश्न होता तो आजही जिवंत आहे. पंच एका संघाचा गणवेश घालून मैदानात उतरला, तर दुसऱ्या संघाने त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

१८ डिसेंबर १९५४ रोजी हा अविश्वास उघड झाला. मावळंकर विरोधकांच्या स्थगन सूचना सतत नाकारतात, ते निःपक्षपाती राहिलेले नाहीत, असा आरोप करून त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव आला. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्ध आलेला तो पहिला प्रस्ताव. घटनेच्या कलम ९६ प्रमाणे अशा वेळी अध्यक्ष पीठासनावर बसू शकत नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याने स्वतःचा न्याय करू नये, हे नैसर्गिक न्यायाचे साधे तत्त्व आहे. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार पीठासनावर बसले आणि अध्यक्षावर सर्वांसमक्ष टीका झाली. प्रस्ताव फेटाळला गेला. आमच्या मते त्या दिवशी मावळंकर हरले नाहीत आणि विरोधकही हरले नाहीत. अध्यक्षालाही जाब विचारता येतो हा पायंडा पडला.

आणि याच सभागृहाच्या शिस्तीचा कडवट अनुभव आपल्या बाबासाहेबांना आला, हे आपण कसे विसरू? हिंदू कोड बिलाची गळचेपी झाल्यानंतर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ११ ऑक्टोबर १९५१ रोजी त्यांना सभागृहात निवेदन करायचे होते. त्या वेळी पीठासनावर मावळंकर नव्हते, उपाध्यक्ष अय्यंगार होते. निवेदनाची प्रत आधी द्यावी आणि ते संध्याकाळी सहा वाजता करावे, असे सांगण्यात आले. घटनेच्या शिल्पकाराने ही अट मानली नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. नियमाची अक्षरे तीच असतात, पण ती दार उघडायलाही वापरता येतात आणि दार लावायलाही. सगळा प्रश्न चावी फिरवणाऱ्या हाताचा आहे.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत मावळंकरांचे निधन झाले. अध्यक्षपदावर असतानाच ते गेले. लोकसभेचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपण बाबासाहेबांना गमावले. मुंबईच्या सभागृहात एकमेकांसमोर बसलेले हे दोन कायदेपंडित एकाच वर्षी गेले.

सभागृहाची शिस्त ही आपल्याला इंग्रजांनी शिकवली असे अनेकांना वाटते. घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी या समजाला उत्तर दिले होते. भगवान बुद्धांच्या भिक्षू संघात आसनव्यवस्था होती, प्रस्ताव मांडण्याचे नियम होते, गणपूर्ती होती, मतमोजणी होती. संघात ज्ञप्ती म्हणजे प्रस्ताव रीतसर मांडला जाई आणि शलाका वाटून मते घेतली जात. शिस्तीने बसणे आणि समोरच्याचे ऐकून घेणे हा आपल्या वारशाचा भाग आहे. त्यामुळे सभागृहात गोंधळ घालणे म्हणजेच लढाऊपणा, असे आपल्या कार्यकर्त्यांनी मानू नये. गोंधळ बहुमताला परवडतो. मूठभरांना गोंधळ परवडत नाही, कारण गोंधळात मागणी मंजूर होते आणि प्रश्न बुडतो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. मार्च २०१८ मध्ये लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या मागण्या गदारोळात, चर्चेवाचून, गिलोटिन लावून मंजूर केल्या. मार्च २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च असाच चर्चेशिवाय मंजूर झाला. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ खासदार निलंबित झाले. रिकाम्या बाकांसमोर शांतता राखणे फार सोपे असते! आणि आपल्या महाराष्ट्रात काय झाले? अनुसूचित जातींच्या विकासासाठी असलेला पैसा दुसरीकडे वळवला जातो ही आपली जुनी तक्रार आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवण्यात आले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. गरीब बहिणीला पैसा मिळावा याला आमचा विरोध नाही. पण तो वसतिगृहातल्या मुलीच्या ताटातून का काढावा, हा प्रश्न आहे. कोणत्या गोष्टीला पहिला मान, हा १९३९ सालचा बाबासाहेबांचा प्रश्न जसाच्या तसा उभा आहे.

म्हणून आमचे दोन आग्रह आहेत. पहिला, जे पीठासनावर बसतात त्यांच्याकडे. सरपंच असोत, सभापती असोत की अध्यक्ष, सभागृह किती शांत होते यावर त्यांची किंमत ठरत नाही. सर्वांत लहान गटाचा माणूस किती वेळ आणि किती निर्भयपणे बोलू शकला यावर ती ठरते. दुसरा आग्रह आपल्याच लोकांकडे. सहा डिसेंबरला आणि चौदा एप्रिलला आपण लाखोंनी जमतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रकाचे पुस्तक उघडून सामाजिक न्यायाची मागणी कोणत्या क्रमांकावर आहे हे पाहणारे आपल्यात किती आहेत? बाबासाहेब ते पुस्तक ओळीओळीने वाचत. आपल्या ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आपल्या प्रतिनिधीला कपात सूचना लिहून द्या.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या भगिनीने तेच केले. त्या संध्याकाळी तिने आमच्या घरी बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. पुढच्या वर्षीच्या सभेत ती उठली तेव्हा तिच्या हातात वस्त्यांची यादी होती, कामांची यादी होती आणि खर्च न झालेल्या रकमेचा आकडा होता. पुन्हा आरडाओरडा झाला, पुन्हा घंटा वाजली. या वेळी ती बसली नाही. आकडा मोठ्याने वाचून तिने तो इतिवृत्तात नोंदवण्याची मागणी केली, आणि तो नोंदवला गेला.

जयभीम!